चेहरा बदललेलं भूत

कोणी घाईघाईनं काही ठासून सांगू लागलं की मामा उजवा पंजा आडवा धरत. "थांब. काटा थांबू दे." वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात ते माल तोलायचं काम करत, आणि सगळेच त्यांना मामा म्हणत. गोणी काट्यावर चढली की काटा थरथरायचा, आणि तो शांत होईपर्यंत मामा श्वाससुद्धा बेतानं घेत. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याच्यासमोर आपलं भाषण आपल्यालाच जरा मोठं वाटायला लागतं.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटायचे. टीव्हीवर एक भुताची मालिका चालू होती. मेलेली बायको हातात कंदील घेऊन नवऱ्याच्या दारात येते, एवढीच गोष्ट. घराघरांत हे विष शिरतंय आणि लोक जेवता जेवता बघतायत, याचा मला संताप होता. मालिका बंद व्हावी म्हणून आम्ही सह्या गोळा करत होतो. रविवारी बाजाराला सुट्टी, दुपारी मालिका पुन्हा दाखवायचे, आणि घणसोली गावातल्या एका आगरी मावशीची खानावळ मामांसारख्या साताऱ्याकडच्या माणसांनी भरलेली असायची. मी मुद्दाम तीच वेळ गाठली.

मामांनी पत्रक वाचलं, सही केली नाही. मागची बाजू कोरी बघून मात्र खूश झाले. खिशातून पेन्सिल काढली, तसे शर्टात अडकलेले कांद्याचे दोन पापुद्रे हवेत तरंगले. त्यांनी लिहिलं, 'आज कंदील डाव्या हातात.'

"मागच्या वेळी उजव्या हातात होता," मी म्हणाले. "दाखवणाऱ्यांचं लक्ष नाही. चूक आहे ती."

"चूक नव्हं ती. कारण आसंल. उजवा हात मोकळा ठिवलाय. कडी काढनार आज."

तिनं खरंच कडी काढली. खानावळीतले घास हातातच राहिले. माझाही राहिला, हे मी आमच्या बैठकीत सांगितलं नाही.

मग मी दर रविवारी जाऊ लागले. प्रबोधनासाठी, असं स्वतःला सांगत. खाडीवरचा वारा खिडकीचा विटका पडदा फुगवायचा, उन्हात टीव्हीतली बाई अर्धी पुसल्यासारखी दिसायची, आणि मामा तिचं एकेक पाऊल तोलत बसायचे. पायात पैंजण आहेत, मग आवाज का नाही? घरभर फिरते, चुलीकडे का जात नाही?

"मेल्यावं तरी रांधाचा कशाला, मामा?" मावशी भाकरी थापत म्हणाली.

एका रविवारी कंदील तोच, लुगडं तेच, पण बाई दुसरीच. अख्खी खानावळ हसली.

"पयलीनं पगार वारवून मांगला असंल," मावशी म्हणाली. "दिली हाकलून."

मीही संधी साधली. प्रेक्षकांना मूर्ख समजतात, वगैरे बोलू लागले. मामांचा पंजा आडवा झाला.

"नवऱ्याला तिचं त्वांड आठवंना झालंय," ते हळू म्हणाले. "म्हनून बदललं. ती काय करंल बिचारी? त्याला जसं आठवंल तशीच यायची."

 मग, टीव्हीकडेच बघत, त्यांनी मला सांगितलं. त्यांची बायको गावी वारली तेव्हा बाजारात हंगाम जोरात होता. ते पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. फोटो एकच, लग्नातला, आणि त्यात मुंडावळ्यांनी तोंड झाकलेलं.

"आवाज हाय अजून ध्यानात. त्वांड सुटाय लागलंय, पोरी."

सह्यांचा कागद त्या दिवशी मी पिशवीतून काढलाच नाही. पण तो आधीच बराच भरला होता.

पुढच्या महिन्यात मालिका अर्ध्यावरच बंद झाली. आमच्या सह्यांमुळे की आणखी कशामुळे, मला आजही माहीत नाही. आम्ही मात्र विजयाचं पत्रक काढलं. मजकूर माझा होता. पहिली प्रत घेऊन मी खानावळीत गेले. लपवणं मला भ्याडपणाचं वाटलं.

मामांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"म्हंजी ती आता दारातच ऱ्हायली?"

माझ्याकडे उत्तरादाखल अख्खं भाषण तयार होतं. त्यांनी पंजा उचलला नाही, तरी मी थांबले.

परीक्षा झाल्यावर गेले तेव्हा मामा काम सोडून कायमचे गावी गेले होते. मावशीनं सुतळीनं बांधलेला गठ्ठा दिला. माझीच पत्रकं, प्रत्येकाच्या पाठीवर एकेक रविवार. विजयाचं पत्रक त्यात नव्हतं.

"तो कागद त्याच्याच खिशान हाय," मावशी म्हणाली. "दोन रविवार बंद टीव्हीफुरं बसून लिवत व्हता. डाव्या भुवईवं गोंदन. हासताना एकच गाल हालं. खोडं, परत लिवं. मना ईचारी, मावशी, नाक कसं लिवाचा गो?"

मालिकेतल्या दोघींपैकी एकीलाही गोंदण नव्हतं.

टीव्ही बंद होता. त्याच्या काळ्या काचेत खानावळीचं दार दिसत होतं, आणि ते उघडं होतं.