साडूंची नेपाळवारी आणि माझी सायकल

आमच्या अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सायकलवर परदेशी जाऊन आलेला एकच माणूस आहे आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा, हा माझ्यावर झालेला सरळ सरळ अन्याय आहे. दिग्रसच्या जिनिंगमध्ये नोकरी करणारे हे गृहस्थ. कापसाचा हंगाम संपला तसे कॅरिअरला पथारी बांधून निघाले आणि सोनौलीच्या नाक्यावरून नेपाळात शिरले. तेव्हापासून सासुरवाडीच्या पंगतीत मला कोणी पोळीचा आग्रह करत नाही.

त्यांची सायकल बैठकीत टीव्हीशेजारी उभी असते. पाहुणे बसतात पायरीवर. ऐन वैशाखात ते भर दुपारी निघतात, कारण तेव्हा रस्ता मोकळा असतो. जगातला प्रत्येक चढ ते पुसदच्या घाटाशी ताडून बघतात. मी एकदा मुद्दाम हिमालयाचं विचारलं, तर म्हणाले, "काही नाही हो साडभाऊ, पुसदचाच घाट हाय, जरा लांबवला." माझी बायको यावर इतकं हसली की मला भाजीत मीठ जास्त असल्याचं सांगावं लागलं.

पण खरा जळफळाट होतो तो नाक्यावरच्या गोष्टीने. तिथल्या शिपायाने ओळखपत्र बघून परत दिलं. साडूंनी हात जोडले आणि सवयीने म्हणाले, "आता हूं साहब." शिपायाने विचारलं, आ रहे हो कि जा रहे हो? हे म्हणाले, जा रहा हूं, पर आता हूं. शिपायाला संशय आला आणि त्याने यांना बाकावर बसवून ठेवलं. साहेब आल्यावर साडूंनी आपल्या हिंदीत समजावलं, की आमच्याकडे घरातून निघतानासुद्धा 'जातो' म्हणत नाहीत, मग देशातून निघताना कसं म्हणू? साहेबांनी म्हणे लगेच चहा मागवला. परदेशाच्या दारात सरकारी चहा! मला आमच्या बँकेत कधी कोणी पाणी विचारलेलं नाही.

यंदा ते भूतानला निघाले. आता सांगूनच टाकतो, मलाही जायचं होतं. महिनाभर आधी मी जुनी सायकल पुसदच्या मिस्त्रीकडून गुपचूप ठीकठाक करून घेतली, नवे टायर टाकले आणि त्यांना निरोप द्यायच्या निमित्ताने दिग्रसला तिच्यावरच बसून गेलो. ती त्यांच्या सायकलीला खेटून उभी केली. म्हटलं, आता तरी 'चला' म्हणतील. त्यांनी टायर दाबून बघितले, घंटी वाजवून बघितली आणि म्हणाले, "मस्त ठेवली बुवा. बजारात जायले सायकल पाहिजेच."

मग मला बाजूला घेतलं. माझ्या मेव्हणीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, बीपीचा त्रास, मुलगी बाहेरगावी. माझा हात हातात धरून हलक्या आवाजात म्हणाले, "अधूनमधून घरी चक्कर मारत जा. तुम्ही हाय म्हणून मले निंघता येते, साडभाऊ. नाही तं कायचं भूतान?" एवढं माझ्याबद्दल आजवर कोणी बोललं नव्हतं. मी मान डोलावली.

सायकल दारव्ह्याच्या रस्त्याला लागली तेव्हा मात्र मला राहवेना. मी हात वर केला. थांबवायलाच केला होता. त्यांना वाटलं, मी निरोप देतोय. त्यांनीही हात हलवला, घंटी वाजवली आणि गेले.