मुंडकं नसलेला मोर

"मागायचं नाही," असं म्हणून बाई पदर कमरेला खोचत, आणि विषय तिथेच संपे.

चहात साखर कमी पडली तर त्या तसाच पीत. वर्गातला खडू संपत आला तर नखाएवढा तुकडा चिमटीत धरून लसावि पूर्ण करत, पण शेजारच्या वर्गातून खडू मागवत नसत. बुधवारा मोहल्ल्यातल्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. मी मराठी शिकवायचो आणि स्नेहसंमेलनात माइक सोडायचो नाही. मागण्यात मला कधी लाज वाटली नाही. पेन, वर्गणी, दुसऱ्याच्या डब्यातलं लोणचं, काहीही. अशी दोन टोकं तुमच्याही ऑफिसात एकाच टेबलाशी बसत असतील, बघा आठवून.

तर या बाई एकदा मोबाइलवर खेळायला लागल्या. खेळ पोरासोरांचा. सारख्या रंगाचे तीन मणी ओळीत आणायचे, ते फुटतात, आणि पुरेसे फुटले की एका मोठ्या चित्राचा एक चौकोन उघडतो. सगळे चौकोन मिळाले की चित्र तुमच्या संग्रहात कायमचं. त्या वेळचं चित्र होतं मोराचं. बाईंनी पिसारा उघडला, पाय उघडले, मागची बाग उघडली, अगदी बागेतलं कारंजंसुद्धा. राहिला फक्त मानेवरचा चौकोन. मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडायचो आणि समोर बाईंच्या मोबाइलवर तो मुंडकं नसलेला मोर डौलात उभा असायचा. दापोऱ्याहून बसने येणाऱ्या आमच्या तरुण मॅडम म्हणायच्या, "बाई, याला झाका ना. खाना नहीं उतरता."

तो चौकोन खेळून क्वचितच कुणाला मिळायचा. नाहीतर ज्याच्याकडे जास्तीचा असेल त्याच्याकडून मागून घ्यायचा, असा नियम. बाईंसाठी अर्ध्या स्टाफने खेळ उतरवून घेतला. मी तर तास बुडवून मणी फोडले. कुणालाच मुंडकं मिळालं नाही. ते एकीकडेच होतं, आणि एक सोडून दोन होती. बाईंच्या धाकट्या बहिणीकडे.

बहीण राहायची याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, लालबागला. बाईंच्या फोनमध्ये तिचं नावही नव्हतं, नुसतं 'लालबाग' असं लिहिलेलं. आई गेल्यावर बाईंनी तिच्याकडे आईचं मांडे करायचं खापर मागितलं होतं. बहीण म्हणाली, "बघू." बस, एवढंच. त्या 'बघू'नंतर दोघींचं बोलणं बंद झालं ते कित्येक वर्षं बंदच. भाचा तेवढा मावशीकडे येऊन-जाऊन असे. त्यानेच आपल्या आईच्या आणि मावशीच्या फोनवर हा खेळ घालून दोघींना एकमेकींच्या यादीत टाकलं होतं, त्यामुळे कुणाकडे कोणते चौकोन आहेत ते दोघींना दिसायचं. बहीण खेळायला बसली की तिच्या नावापुढे हिरवा ठिपका लागायचा. बाई मणी कमी बघायच्या, ठिपका जास्त, हे माझ्या लवकरच लक्षात आलं.

चित्राची मुदत संपायचा दिवस उजाडला. दुपारी दोनला ते चित्र बंद, मग दुसरं. त्या दिवशी बाईंनी डबा उघडलाच नाही.

"दोनपर्यंत तिने दिलं नाही, तर मी तिला यादीतून काढून टाकणार," त्या म्हणाल्या. "मग तो ठिपकाही नको."

जेवणारे हात थांबले. मोराचा विषय संपला होता, हे सगळ्यांनाच कळलं.

दापोऱ्याच्या मॅडम म्हणाल्या, "बाई, तुम्ही मागा ना. बटनच तर दाबायचंय."

"तिला दिसतं ना मला काय कमी आहे ते? द्यायचं असतं तर दिलं असतं."

मी म्हटलं, "आणि ती तिकडे म्हणत असेल, हवं असतं तर मागितलं असतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फळ्यावर कुणी चुकीचं उत्तर लिहिलं की त्या असंच पाहायच्या, आणि मग स्वतःच ते पुन्हा तपासायच्या. त्या म्हणाल्या, "आई म्हणायची, मागायचं नाही. आणि कुणी मागितल्याशिवाय त्याच्या ताटात वाढायचंही नाही."

"दोघींना म्हणायची?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेदोन होऊन गेले होते. ठिपका हिरवा होता.

त्यांनी बोट पुढे केलं, मागे घेतलं. चष्मा पुसला. मी गंमत म्हणून दाबू का असं विचारणार होतो, पण जिभेवरचं गिळलं. मग डोळे मिटून, इंजेक्शन घेतात तसा चेहरा करून, बाईंनी बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

ठिपका हिरवाच. म्हणजे बहिणीने पाहिलं असणार. आम्ही सगळे त्या ठिपक्याकडे बघत बसलो. कुणाच्या तरी डब्याचं झाकण खाली पडलं तर बाकीचे त्याच्यावर डाफरले. आणि मग, आमच्या डोळ्यांदेखत, ठिपका विझला.

"कळलं," बाई म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात. यादी उघडून त्यांनी बहिणीच्या नावावर बोट ठेवलं. "काढून टाकू?" असं फोनने विचारलं. तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली, आणि बाई सवयीने उठल्या. फोन टेबलावर ठेवून त्यांनी सातवीचं पुस्तक काखेत मारलं. दाराशी पोचल्या आणि मागे टिंग वाजलं.

ठिपका पुन्हा हिरवा झाला होता. चौकोन आला होता. 'लालबागवालीने दिलं, बाई, दिलं,' असं मी ओरडलो म्हणतात. मला आठवत नाही.

बाई वळल्या. मोराला डोकं फुटत होतं, पिसाऱ्यावरून चांदण्या उडत होत्या, फोन सनई वाजवत होता. बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माझ्यासमोर आल्या आणि सातवीचं पुस्तक पुढे धरलं.

"सर, माझा तास घ्याल? मला जायचंय."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. गणितात मी ढ आहे हे सबंध शाळेला माहीत होतं. मी पुस्तक घेतलं.

त्या गेल्या. डबा राहिला, चष्म्याचं घर राहिलं, फोनही राहिला. खिडकीतून दिसलं, रिक्षावाल्याशी भाव न करता त्या आत बसल्या. रिक्षा वळते न वळते तोच टेबलावरचा फोन थरथरायला लागला. लालबाग.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उचलला.

"ताई," पलीकडून आवाज आला, "द्यायच्या घाईत बोट भलतीकडेच पडलं गं, ते सगळं बंद पडलं. तू यादीतून काढलं तर नाहीस ना मला?"

बोलायला मी कधी कमी पडलो नाही. तेव्हा मात्र सातवीचं पुस्तक छातीशी धरून मी एवढंच बोललो,

"ताई रिक्षात बसल्यात. दार उघडं ठेवा."