हंगामापुरती सेक्रेटरी

इशबेल काल्डरला कुत्री कधीच आवडली नाहीत. आमच्या माणिओटोटोच्या पठारावर हे कोणाला सांगितलं तर तो हसेल, कारण कोवळ्या शिकारी कुत्र्याला तिच्याइतकं हळुवार वळण लावणारं न्यूझीलंडच्या सगळ्या दक्षिण बेटावर दुसरं कोणी नाही. पण मी तिची शेजारीण. माझं कुंपण संपतं तिथे तिचं सुरू होतं. लग्न होऊन आली त्याच वर्षी, आम्ही दोघी लोकर काढणाऱ्यांसाठी चहा करत असताना ती मला म्हणाली होती, "मला ओल्या कुत्र्याचा वास सोसत नाही गं. आणि ह्यूच्या तर अंगालाच तो वास आहे. आता काय करायचं?"

ती रिव्हर्टनची, मासेमाराची मुलगी. तिच्या माहेरच्या घराच्या मागच्या दारातून समुद्र दिसायचा. आमच्याकडे समुद्र तर सोडाच, उन्हाळ्यात ओढ्यालासुद्धा धड पाणी नसतं. चारही बाजूंना बोडके डोंगर, मध्ये सपाट माळ, हिवाळ्यात नळ गोठतात. पहिली काही वर्षं ती वारा सुटला की अंगणात येऊन उभी राहायची. नंतर तेही सोडलं.

ह्यूची गोष्ट वेगळी. ह्यू काल्डरच्या सेटर जातीच्या कुत्र्या म्हणजे काय चीज होती, ते जुनी माणसं अजून सांगतात. काटेरी झुडपांत तुऱ्याचे लावे लपलेले असायचे, आणि त्याची कुत्री वास लागताच एक पाय उचलून अशी गोठायची की वाटावं कोणी कोरून उभी केली आहे. आमचा शिकारी कुत्र्यांचा क्लब त्यानेच काढला. दर रविवारी त्याच्या शेतात आजूबाजूची माणसं आपापली पिल्लं घेऊन जमायची. तो ओरडायचा, शिव्या द्यायचा, गळ्यातली शिट्टी फुंकायची खोटी की लांबचं कुत्रं जागच्या जागी बसायचं. माणसंही बसतील की काय असं वाटायचं.

मग एका शरद ऋतूत, हंगाम तोंडावर आलेला असताना, तो शिकवणीसाठी पाळलेल्या कबुतरांच्या खुराड्यासमोर कोसळला. उजवी बाजू गेली. वाचाही गेली. जे चार-पाच शब्द उरले ते कुत्र्यांचेच होते. थांब, बस, शोध, शाब्बास. चहा हवा असला तरी "शोध" म्हणायचा, आणि नको असला की "थांब".

त्या वेळी क्लबात पिल्लांची मोठी तुकडी होती. माणसं दवाखान्यात येऊन ह्यूकडे बघत आणि बाहेर येऊन इशबेलला विचारत, "आता आमच्या कुत्र्यांचं काय?" ती म्हणाली, "हा हंगाम पार पडेपर्यंत मी बघते."

त्या हंगामाला आता दशक होत आलं.

तिने सगळं ह्यूकडे बघून बघून उचललं होतं, आपण उचलतोय हे न कळता. लांब दोरी कशी धरायची, गवतात लपवलेल्या पेटीतून कबुतर नेमकं केव्हा उडवायचं, बंदुकीचा आवाज आधी लांबून आणि पिल्लू खाण्यात दंग असताना कसा ऐकवायचा. फक्त ती ओरडत नसे. ह्यूच्या हाताखाली जी भित्री पिल्लं बाद व्हायची ती तिच्याकडे तयार होऊ लागली. हेमी नावाचा लोकर काढणारा आहे आमच्याकडे, अंगाने बैलासारखा. त्याची पॉइंटर जातीची शिकारी कुत्री दार आपटलं तरी पलंगाखाली शिरायची. इशबेलने तिला उन्हाळाभर घेतलं. मे महिन्यात हंगाम सुरू झाला तेव्हा ती कुत्री गोळीच्या आवाजाला कानही हलवेना. हेमी मला म्हणाला, "मावशी, माझ्या बायकोलाही पाठवू का हिच्याकडे? माझा आवाज झाला की ती पण पळते."

हेच तिच्या गळ्यात पडलं. काम बिघडवलं असतं तर सुटली असती. ते तिला इतकं चांगलं जमलं की तिला हवं आहे का, असं विचारायचं कोणाला सुचलंच नाही. शेतकऱ्यांकडून शिकारीची परवानगी घेणं, खुराडं साफ करणं, फोन करणं, भांडणं मिटवणं, क्लबची सेक्रेटरी म्हणून सगळं तिचंच. आणि मधल्या वेळात ह्यूला उठवणं, धुणं, भरवणं, झोपवणं.

ह्यू व्हरांड्यात चाकांच्या खुर्चीत बसायचा. डाव्या हातात दुर्बीण, गळ्यात तीच शिट्टी. समोरच्या शेतात इशबेल पिल्लू चालवत असली आणि त्याला काही पटलं नाही की तो शिट्टी फुंकायचा. पिल्लू मटकन बसायचं. इशबेल उन्हात उभी, हातात दोरी, आणि तिचं कुत्रं तिच्या नवऱ्याच्या हुकमात. जमलेली माणसं हसायची, "म्हातारा अजून सोडत नाही हं." तीही हसायची.

मी एकदा म्हटलं, "ती शिट्टी काढून का घेत नाहीस?"

"त्याच्याकडे दुसरं काय उरलंय गं?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पण ती वाजली ना, की मीच बसते की काय असं होतं मला."

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिच्या भाचीचा, कर्स्टीचा, रिव्हर्टनहून फोन आला. तिथल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात, जिथे ती नर्स आहे, ह्यूसाठी खोली मिळण्यासारखी होती. इशबेलने कर्स्टीकडे राहावं आणि रोज चालत त्याला भेटायला जावं. खिडकीतून खाडी दिसते, असंही कर्स्टी म्हणाली. इशबेलने हे ह्यूला सांगितलं नाही. मला सांगितलं, आणि ठरवलं की आधी क्लब सोडायचा, मग घरात बोलायचं.

मार्चमध्ये हॉलवर वार्षिक सभा झाली. सूप, चीझ रोल, नेहमीचंच. आमचा अध्यक्ष डूगल रीड. माणूस भला, पण त्याचं काम म्हणजे खुर्चीत बसणं आणि इशबेलकडे बघणं. ती उठली आणि म्हणाली, "यंदा मी सेक्रेटरी राहणार नाही. शिकवणंही थांबवणार आहे. कोणीतरी घ्या."

मग डूगल म्हणाला, "इशबेल, तू दमली आहेस. साहजिक आहे. दोन रविवार सुट्टी घे."

"मला सुट्टी नकोय डूगल. मला सोडायचंय."

"पण तुझ्याशिवाय हे चालेल कसं?"

"तसंच, जसं ह्यूशिवाय चालेल कसं म्हणत होतात आणि चाललं."

"ते तू होतीस म्हणून चाललं," डूगल म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मागून कोणी म्हणालं, शेतकरी तिच्या शब्दावर कुंपणं उघडतात, दुसऱ्या कोणाच्या नाही. कोणी म्हणालं, माझं पिल्लू अर्धवट राहील. हेमी तेवढा म्हणाला, "अरे, ती नको म्हणतेय ना? ऐका की जरा." त्यावर डूगलने त्याला विचारलं, "मग तू घेतोस?" हेमी वर्षातले आठ महिने लोकर काढत गावोगाव हिंडतो.

मग डूगलने घसा खाकरला आणि म्हणाला, खरं तर शेवटी द्यायचं होतं, पण आत्ताच देऊ. आतून त्याची बायको एक टोपली घेऊन आली. टोपलीत पांढरं, काळ्या ठिपक्यांचं सेटरचं पिल्लू. ह्यूच्या जुन्या कुत्रीच्या वंशातलं, मुद्दाम शोधून उत्तर बेटावरून मागवलेलं. क्लबतर्फे, आजन्म सभासदत्वासह. सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू. इशबेलच्या हातात टोपली दिली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. पाण्यात पडलेल्या माणसाने काठावरच्याकडे पाहावं तसं.

घरी जाताना मी गाडी चालवत होते. ती म्हणाली, "मारलं असतं तर बरं झालं असतं. मारणाऱ्याला उलट बोलता येतं."

घरी पोचलो. तिने पिल्लू ह्यूच्या मांडीवर ठेवलं. ह्यू हसला. आजारपणापासून त्याचा चेहरा एका बाजूला ओढलेला असायचा, मी त्याला हसताना पाहिलंच नव्हतं. पिल्लाच्या डोक्यावर हात ठेवून "शाब्बास, शाब्बास" म्हणत राहिला. इशबेल आत गेली आणि तिने कर्स्टीला फोन करून सांगितलं की खोली दुसऱ्या कोणाला दे.

पिल्लाचं नाव टॅन्सी. तिला आणि त्या वर्षीच्या सगळ्या पिल्लांना इशबेलने नव्या पद्धतीने शिकवायला घेतलं. हात वर केला की थांबायचं, दोन्ही हात वर केले की बसायचं. शिट्टी नाही. डूगलने कुरकुर केली, "ओढ्यापलीकडच्या कुत्र्याला हात दिसणार कसा?" ती म्हणाली, "वर बघायला शिकतील." आम्हाला वाटलं, तिची काहीतरी नवी युक्ती असेल.

वर्षभराने, एप्रिलमधला एक रविवार. हवा स्वच्छ, डोंगरमाथ्यावर पहिलं पांढरं. इशबेल टॅन्सीला वाऱ्याच्या तोंडावर चालवत होती. टॅन्सीला वास लागला, ती गोठली. इशबेल हळूहळू पुढे सरकू लागली. तेवढ्यात व्हरांड्यातून शिट्टी आली. टॅन्सी ढिम्म हलली नाही. पुन्हा शिट्टी, जास्त लांब. तिच्या कानावरून वारा गेल्यासारखी. इशबेलने कबुतर उडवलं, हात वर केला, टॅन्सी उडत्या कबुतराकडे नुसती बघत राहिली. इतकं देखणं काम मी त्या शेतात पाहिलं नव्हतं. कोणीतरी टाळी वाजवली.

मी व्हरांड्याकडे पाहिलं. ह्यूने शिट्टीची दोरी मानेवरून काढायचा प्रयत्न चालवला होता. डाव्या हाताने धड जमत नव्हतं, कानाला अडकत होती. शेवटी निघाली. त्याने शिट्टी मांडीवर ठेवली आणि दुर्बीणही.

इशबेलने ते पाहिलं. तिने टॅन्सीची दोरी माझ्या हातात दिली, बाकीच्यांना सांगितलं की आज एवढंच, आणि ती घराकडे चालत गेली. माणसं पांगली. मी टॅन्सीला बांधून मागून गेले, तेव्हा ती पायरीवर बसली होती, त्याच्या गुडघ्याला टेकून.

"मी मुद्दाम केलं," ती त्याला सांगत होती. "कळलं तुला? युक्ती नव्हती. तुझी शिट्टी चालू नये म्हणून केलं."

ह्यूने मान हलवली. कळलं म्हणून.

"मला इथे राहायचं नाही ह्यू. मला कधीच राहायचं नव्हतं. मी तुझ्यासाठी खोली बघितली होती, रिव्हर्टनला. तुला न विचारता. मग पिल्लू आलं आणि तू हसलास, म्हणून मी त्यांना नको म्हणून कळवलं."

मग त्याने डावा हात उचलला, शेताकडे दाखवला, खुराड्याकडे दाखवला, आणि मग बोट तिच्या छातीला लावलं. तिला कळलं नाही. त्याने पुन्हा तेच केलं. शेत, खुराडं, ती.

"माझं?" ती म्हणाली. "हे सगळं मला हवंय असं वाटलं तुला?"

त्याने मान हलवली, हो.

"पिल्लू आलं तेव्हा हसलास ते..."

बोट पुन्हा तिच्यावर. आणि तो रडू लागला, एका बाजूने, कारण दुसरी बाजू रडत नाही. ती शिट्टीसुद्धा, आम्ही काय समजत होतो आणि तो काय करत होता. त्याला वाटायचं, तो मदत करतोय. एवढा डाव बायकोने मांडलाय, आपल्याकडून जमेल तेवढी राखण करावी.

मी टॅन्सीला घेऊन मागच्या बाजूला गेले.

दुसऱ्या दिवशी तिने कर्स्टीला फोन केला आणि ह्यूचं नाव पुन्हा प्रतीक्षायादीत घातलं, या वेळी ह्यू शेजारी बसलेला. आणि क्लबला सांगितलं, उभ्याने, डूगलच्या अंगणात, की खोली मिळाली की ती जाणार, त्या दिवशी कुत्र्यांची तयारी कुठवर आली आहे ते बघणार नाही. डूगल म्हणाला, "बघू की, तेव्हाचं तेव्हा." ती म्हणाली, "तुम्ही बघा. माझं बघून झालंय."

खोली मिळाली. जुलैमध्ये, बर्फ पडल्याच्या आठवड्यात. तेव्हा ह्यू न्यूमोनियाने डनीडनच्या इस्पितळात होता आणि डॉक्टर म्हणाले, इतका लांबचा प्रवास आता नको, वसंतात विचार करू. खोली कोणासाठी थांबत नाही. तिने मला फोनवर सांगितलं, अगदी सरळ आवाजात, आणि मग विचारलं की कबुतरांना गरम पाणी घातलंस का, कारण वाडग्यांतलं गोठलं असणार.

ह्यू घरी आला, पण पहिल्यापेक्षा हलका होऊन. आता तो व्हरांड्यात कमी आणि आत चुलीजवळ जास्त असतो. शिट्टी नाही वाजत. इशबेल एकदा मला म्हणाली की तिला वाटलं होतं, ती थांबली की मोकळं वाटेल. तसं काही वाटत नाही, नुसतं शांत वाटतं.

क्लबचं तिच्याशी वागणं थोडं बदललं. हेमी लोकरीचे दिवस नसतात तेव्हा खुराडं सांभाळतो. महिन्यातून एक आठवडा मी ह्यूजवळ थांबते आणि ती रिव्हर्टनला जाते. त्या रविवारी शेत बंद. डूगलने एकदा विचारलं की तो आठवडा हंगामाबाहेर घेता येणार नाही का, तर तिने त्याच्याकडे इतक्या शांतपणे पाहिलं की तो स्वतःच्या बुटांना चिकटलेला चिखल बघू लागला.

या मे महिन्यात हंगामाच्या पहिल्या सकाळी मी तिच्याबरोबर गेले. दहिवर पडलं होतं, गवत पायाखाली कुरकुरत होतं. टॅन्सी ओढ्याच्या कडेने रानगुलाबाच्या जाळीपाशी गोठली. इशबेल माझ्या शेजारी उभी होती, बंदूक नळीपाशी उघडून हातावर टाकलेली, आणि बराच वेळ तिने कुत्रीला पुढे जायला सांगितलंच नाही.

"नाव अजून आहे ना तिकडच्या यादीत?" मी विचारलं.

"आहे. वरून तिसरं."

"आणि ह्यू?"

"विचारते मी त्याला रोज. तो हो म्हणतो. डॉक्टर नाही म्हणतात."

जाळीतून लाव्यांचा थवा भर्रकन उठला, तिने न सांगताच, आणि ओढ्यापलीकडे जाऊन उतरला. टॅन्सी हलली नाही. इशबेलने बंदूक उचललीही नव्हती. "पलीकडे जायचं तर वरच्या पुलावरून जावं लागेल," ती म्हणाली. "चल, ह्यूच्या औषधाच्या आधी परत यायचंय."