अंगणातली दोरी

तुमच्या घरातल्या तान्ह्याची बाळोती कुठं वाळतात, हे तुम्ही कधी पाहिलंय का?

कळंबला आमच्या घरी ती मागच्या अंधाऱ्या खोलीत वाळायची. ऊन पुढच्या अंगणात यायचं. पण तिथं बाज टाकून पुरुषमंडळी बसत. निजामी गेली, अंगण मात्र पुरुषांचंच राहिलं. लेक नुकती रांगू लागली होती. दमट लंगोटानं तिच्या मांड्या सोलवटल्या. गुडघा पुढं टाकला की ती कळवळायची. शेवटी तिनं रांगणंच सोडलं. बायको खोबरेल लावत राहिली.

एका सकाळी मी अंगणात दोरी बांधली आणि जुन्या लुगड्याची ती बाळोती उन्हात घातली.

"आरं, पावण्यांच्या तोंडापुढं मुताची फडकी? लाज सोडलीस व्हय?" आई कडाडली.

"पावणे काय जन्मताच धोतर नेसून आले होते, आई?"

आई हसली नाही. पण दोरीची गाठही तिनं सोडली नाही.

हळूहळू मांड्या बऱ्या झाल्या. एका दुपारी लेक कोरड्या लंगोटात रांगत उंबऱ्यापाशी आली. आईनंच तिला उचलून अंगणात ठेवलं.

बाप्यांनो, उद्या सकाळी तुमची बाज जरा सरकवा, आणि त्या उन्हात दोरी तुमच्या हातानं बांधा.