एका घराला एक कागद

भूकंपात आमचं घर पडलं, माणसं मात्र वाचली. सरकारने पडलेल्या घराच्या बदल्यात नव्या गावात एका रांगेतलं घर दिलं आणि एक कागद दिला. घर अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, नावावर झालं, कागद माझ्या. तो भूकंपग्रस्ताचा दाखला. सरकारी भरतीत अशा घरांसाठी थोड्या जागा राखून ठेवलेल्या असत. पण एका घरातल्या एकालाच त्याचा लाभ, आणि दाखल्यावर नाव त्याचंच. मी थोरला, म्हणून माझं. धाकटी बहीण तेव्हा दोन वेण्या घालून शाळेत जात होती. तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे मलाही सुचलं नाही.

पुढे मी पदवीधर झालो आणि सात वर्षं तसाच राहिलो.

लातूरला तेव्हा क्लासचं पीक आलं होतं. जिल्ह्याजिल्ह्यांतून आईबाप पोरांना गादी-बादलीसकट आणून सोडत. ज्या गावाला लोक नशीब काढायला येत, त्याच गावात मी एका अभ्यासिकेचं कुलूप सकाळी उघडायचो आणि त्या बदल्यात फुकट खुर्ची मिळवायचो. एकदा एका पालकाने विचारलं, "सर, तुम्ही काय शिकवता?" मी बिनदिक्कत म्हणालो, "गणित." त्याने मला नमस्कार केला, मीही ऐटीत घेतला.

बेकार माणसाचं खरं काम म्हणजे लोकांना चुकवणं. सुट्टीत गावी गेलो की एस.टी. यायच्या वेळी मी फाट्यावर जात नसे, लग्नांना जात नसे. गेलोच तर पहिल्या पंगतीत बसून लवकर उठत असे. तरी कुणीतरी गाठायचंच. "काय करायलास सध्या?" हा प्रश्न मला शिवीसारखा लागायचा. अण्णा तर माझ्याशी थेट बोलणंच विसरले होते. "त्याला म्हणावं जेवून घे," असं आईला सांगायचे, मी समोर बसलेलो असताना.

बहीणही पदवी घेऊन लातूरला आली आणि माझ्याच जुन्या पुस्तकांवरून अभ्यास करू लागली. मी मारलेल्या रेघा तिला पाठ झाल्या. दोन महिन्यांत सराव परीक्षेत तिला माझ्यापेक्षा अकरा गुण जास्त पडले. पेपर सोपा होता, असं मी म्हणालो. एकच पेपर आम्ही दोघांनी सोडवला होता, हे ती बोलली नाही.

त्याच वर्षी नांदेडच्या एका कार्यालयाच्या लिपिक भरतीत, भूकंपग्रस्तांच्या जागेसाठी, प्रतीक्षा यादीत माझा पहिला नंबर लागला. निवडलेला माणूस रुजू झाला नाही, किंवा सोडून गेला, तर जागा माझी. यादी वर्षभर जिवंत राहणार होती.

मला नोकरी मिळाली नव्हती, पण गावाला तेवढं पुरलं. फाट्यावर लोक स्वतःहून चहा पाजू लागले. "वेटिंगला एक नंबर हाय, आता काय, आज ना उद्या," असं माझ्याबद्दल बोललेलं मी कान देऊन ऐकायचो. अण्णा थेट माझ्याशी बोलू लागले. एकदा तर त्यांनी मला पेपरातली बातमी वाचून दाखवली.

तिसऱ्या महिन्यात मी नांदेडला जाऊन शिपायाला विचारलं, "वरचा माणूस आला का?"

"आला की," तो म्हणाला. "रोज डबा घेऊन येऊन राहिला. लई खूश हाय."

घरी येऊन मी सांगितलं, अजून काही कळलं नाही.

आणि नेमकी तेव्हाच तलाठ्यांची जाहिरात निघाली. महिलांमध्ये भूकंपग्रस्तांसाठी जागा होती. बहीण म्हणाली, "दादा, दाखला माझ्या नावावर करून देतोस का? शपथपत्र दिलं की होतंय. ह्या खेपेला माझा नंबर लागंल." तिला स्थळं येत होती, आणि नोकरी लागली तर लग्नाची घाई करणार नाही, असं अण्णांनी कबूल केलं होतं. सगळं त्या एका सहीवर होतं.

मी म्हणालो, "नांदेडचं कळू दे. दाखला बदलला तर माझा नंबर जाईल."

तो नंबर मेलेला आहे हे मला पक्कं माहीत होतं. पण तो गेला असता तर मी पुन्हा तोच, जेवायचा निरोप आईकडून मिळणारा. ती मान हलवून अभ्यासाला बसली. फॉर्मची तारीख निघून गेली. दिवाळीनंतर लातूरजवळच्या मुरुडचं स्थळ अण्णांनी पक्कं केलं आणि मी लग्नात पुढे होऊन पंगती वाढल्या.

यादीची मुदत संपली तेव्हा मला लाज वाटली, खरंच वाटली. पुढच्या जाहिरातीच्या आधी मी तिला औशाच्या तहसीलला बोलावलं आणि शपथपत्र पुढे केलं. बाबूने ते वाचलं, तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं.

"लग्न झालंय ना ह्यांचं? मग सासरचं घर पडलं होतं का?"

"नाही," ती म्हणाली.

"मग न्हाई होत. आता त्या तुमच्या घरातल्या न्हाईत." त्याने कागद परत दिले. नियम त्याने केला नव्हता.

बसस्थानकावर आम्ही बाकावर बसलो. शेवटी नांदेडचं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "तो माणूस रुजू झालेला मला ठाऊक होतं, दादा. मी नांदेडला परीक्षेला गेले होते, तवाच विचारून आले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"अण्णा तुझ्याशी नीट बोलायले होते," ती म्हणाली. "मला वाटलं, तू आपण होऊन सांगशील."

मुरुडची गाडी लागली. स्वतःसाठी आणलेला कोरा फॉर्म तिने पिशवीतून काढून माझ्या मांडीवर ठेवला. "तुझं वय अटीत अजून सात महिने बसतंय. तू तरी भर," म्हणाली आणि गाडीत चढली.

मी तो भरला.