बाजाराचा दिवस सोडून

सकाळी डोळे उघडले की मोनिका आधी मोरीतल्या नळाची तोटी उघडायची. पाणी यायचं नाही. संभाजीनगरात, पुंडलिकनगरच्या त्या गल्लीत, पाणी आठव्या नाहीतर नवव्या दिवशी यायचं आणि कोणत्या दिवशी येणार हे लहान पोरांनाही ठाऊक असायचं. तरीही ती रोज तोटी उघडायची, नळातून हवेचा बारीक सुस्कारा येतो का ते ऐकायची, आणि तोटी तशीच उघडी ठेवून चहाचं आधण टाकायची.

शेजारच्या खोलीतल्या द्वारकाबाई दारात मेथी निवडत बसलेल्या असायच्या. त्या हसायच्या.

“परवाच येऊन गेलं ना गं मोनिका. नळाला काय स्वप्न पडणारंय का?”

“असू द्या काकू. चुकून सोडलं तर?”

नऊ वर्षांत चुकून कुणी पाणी सोडलं नव्हतं.

ही खोली तिनं आणि नवऱ्यानं, राजकुमारनं, मिळून भाड्यानं घेतली होती, लेक संस्कृती वर्षाची असताना. चार वर्षांपूर्वी राजकुमार वाळूजच्या बाजूला दुसरं घर करून राहिला. पुढं कोर्टात रीतसर फारकत झाली. मोनिका गुलमंडीजवळच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये साड्यांना फॉल लावायची, पिको करायची. दिवसभर मान खाली आणि पाय मशीनवर. घरीही एक जुनं मशीन होतं. त्याच्यावर गल्लीतल्या बायकांचं काम व्हायचं.

मार्चमध्ये घरमालक अप्पाराव दारात येऊन उभे राहिले. ते कधी आत यायचे नाहीत, चौकटीला हात लावून बोलायचे.

“राग मानू नका ताई. कंपनीतली चार पोरं कॉटवर राहायला तयार हायत. तुम्ही एकट्या देता त्याच्या दुप्पट होतं. लेकराची शाळा सुरू होईपर्यंत थांबतो मी. त्याच्यापुढं नाय जमणार.”

तिला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, कुणाशी तरी भांडता आलं असतं. तिनं गारखेड्यापासून मुकुंदवाडीपर्यंत खोल्या पाहिल्या. परवडेल त्या खोलीला खिडकी नव्हती आणि खिडकी होती ती परवडत नव्हती. मग एका दुपारी तिनं कॅलेंडरचं फाडलेलं पान पालथं केलं आणि त्याच्यावर तीन नावं लिहिली. बिडकीन, फर्दापूर, पाचोड. जिथं शाळा असेल, एसटी थांबत असेल आणि निदान एक साडीचं दुकान असेल, अशी गावं. तिला आठवड्याला एकच सुट्टी. म्हणजे तीन सुट्ट्यांत तीन गावं.

दुकानात येणाऱ्या बायका नुसत्या फॉलचा रंग ठरवायलासुद्धा नणंदेला नाहीतर मैत्रिणीला घेऊन यायच्या. तेवढ्यानं भागलं नाही तर मोबाईलवर फोटो पाठवून घरी विचारायच्या. मोनिका त्यांच्यासमोर दोन-दोन, तीन-तीन छटा उलगडून ठेवायची आणि त्यांचं ठरेपर्यंत थांबायची. गाव निवडायचं म्हणजे कुणाला फोटो पाठवायचा, हे तिला कळत नव्हतं. जालन्याच्या भावाला फोन केला होता. “ये की, तुझंच घर हाय. हिला विचारून सांगतो,” तो म्हणाला होता. त्याला तीन आठवडे झाले होते.

बिडकीनला खोली छान मिळाली. फरशीची, पुढं ओटा, घरमालकीण चावी हातात घेऊन स्वतः दाखवायला आली. नळ कितव्या दिवशी येतो, हे मोनिकानं आधी विचारलं. मग बाईनं विचारलं, “मालक कुठं असत्यात?”

“फारकत झालीय. मी आणि मुलगीच.”

बाईनं चावी पदराच्या टोकाला बांधली. “मग सांगते तुम्हाला. एकाला आधीच बोलले होते मी, आत्ता आठवलं.”

फर्दापूर लांब पडलं. जाताना संस्कृतीला बस लागली आणि ती येतानाही आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. तिथं लेणी बघायला येणाऱ्यांसाठी सगळं होतं, पिकोच्या मशीनला काम नव्हतं. एका लॉजवाल्यानं चादरी धुण्याचं काम देऊ केलं. मोनिकानं त्याचा नंबर घेतला आणि परतीच्या बसमध्ये कॅलेंडरच्या पानावरचं ते नाव खोडलं.

तिसऱ्या सुट्टीला त्या पाचोडला उतरल्या, आणि उतरताक्षणी माणसांत सापडल्या.

त्या दिवशी तिथला आठवडी बाजार होता. भाजीचे ढीग, कांद्याची पोती, जिलेबीच्या कढया, बांगड्यांची पालं. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून आलेल्या बायका दोन-दोन पिशव्या सावरत एकमेकींना मोठ्यानं हाका मारत होत्या. कडुबाशेठच्या साडीच्या दुकानात तर पाय ठेवायला जागा नव्हती. कडुबाशेठ कानावर पेन्सिल खोचून एकाच वेळी चौघींशी बोलत होते. मोनिकानं कसंबसं विचारलं, फॉल-पिकोचं काय करता.

“काय करणार बाई! संभाजीनगरला गठ्ठा पाठवतो, आठ-आठ दिवस येत नाय. बायका माझ्या नावानं बोटं मोडतात. तुम्ही या इथं. मशीन आणा, दुकानापुढं बसा, उसंत मिळायची नाय तुम्हाला.”

मोनिकाला कितीतरी दिवसांनी भूक लागली. तिनं संस्कृतीला जिलेबी घेऊन दिली, स्वतःही खाल्ली. कडुबाशेठनंच भागूबाईचं घर सांगितलं. बाजारतळाच्या पलीकडं, लिंबाखाली, पत्र्याच्या दोन खोल्या. एका खोलीत भागूबाई एकटी राहायची, दुसरी रिकामी. म्हातारी कानानं पक्की, डोळ्यानं जरा अधू. नळ एक दिवसाआड येतो म्हणाली. भाडं बिडकीनच्या निम्म्यानं.

“आन् मालक?”

मोनिकाच्या डोळ्यांपुढं पदराला बांधलेली ती चावी आली.

“पुण्याला कंपनीत असतात. महिन्या-दोन महिन्यांनी येतात.”

“बरं, बरं. मर्दाचं येणं-जाणं असलं की बरं असतं बाई. या मग.”

परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर मोसंबीच्या बागा मागं पळत होत्या. संस्कृतीच्या बोटांना अजून पाकाचा चिकटा होता. आडूळचा थांबा मागं पडल्यावर तिनं विचारलं, “मम्मी, मग आता मी पण तसंच सांगायचं का?”

मोनिकानं रुमाल ओला करून तिची बोटं पुसली. एक-एक बोट, सावकाश.

शाळेत चौकशी करायची तर सुट्टीच्या दिवशी शाळा बंद. म्हणून पुढच्या आठवड्यात तिनं मॅचिंग सेंटरमधून एक खाडा घेतला आणि मधल्याच एका वारी दोघी पुन्हा गेल्या.

बसमधून उतरल्यावर आपण चुकीच्या फाट्यावर उतरलो की काय, असं तिला वाटलं. बाजारतळ मोकळं मैदान झालं होतं. दोन शेळ्या सुकलेला पाला हुंगत फिरत होत्या. एका पालाचे बांबू तेवढे उभे होते, वर कापड नव्हतं. कडुबाशेठचं शटर अर्धं खाली होतं. ते आत गादीवर आडवे होऊन मोबाईल बघत होते.

“आज काम नाही का शेठ?”

“आज?” ते उठून बसले. “अहो, आपलं सगळं बाजाराच्या दिवशी. बाकी दिवस माश्या मारायच्या. का, तुम्हाला कोणी सांगितलं नाय?”

सांगणार कोण. तिची सुट्टी आणि तिथला बाजार एकाच वारी. तिनं गाव पाहिलं होतं ते सात दिवसांतल्या एका दिवसाचं. दुकानात रंग उन्हात नेऊन पाहा, मगच ठरवा, असं ती बायकांना रोज सांगायची. स्वतः मात्र पहिल्याच उजेडात भुलली होती.

शाळा मात्र उघडी होती. पाचवीच्या प्रवेशाचं पत्रक कारकुनानं पुढं ओढलं.

“वडलांचं नाव?”

मोनिकानं नाव सांगितलं.

“ते आले नाही?”

मोनिकानं तोंड उघडायच्या आत संस्कृती म्हणाली, “पप्पा पुण्याला असतात. कंपनीत. महिन्या-दोन महिन्यांनी येतात.”

अडखळली नाही, आईकडं पाहिलं नाही. कविता म्हणून दाखवावी तसं म्हणाली. कारकुनानं मान हलवली. “मग आल्यावर सही घेऊन या त्यांची,” असं म्हणून त्यानं पत्रक हातात दिलं.

बाहेर ऊन तापलं होतं. दोघी मोकळ्या बाजारतळातून चालत निघाल्या. एवढ्या जागेत दोघींच्या चपलांचा आवाज वेगवेगळा ऐकू येत होता. मोनिकाला राजकुमार गेला तो दिवस आठवला नाही. कोर्टही आठवलं नाही. आठवलं ते हे की या पोरीला चोरून पेढा खाल्ला तरी तोंड लपवता यायचं नाही. तिची नजर लगेच खाली जायची. आज गेली नव्हती.

भागूबाई लिंबाखाली बाजेवर बसून तांदूळ पाखडत होती.

“आलात व्हय? बसा. पाणी पी लेकरा.”

मोनिका बसली नाही. “आजी, मी त्या दिवशी खोटं बोलले. हिचे वडील पुण्याला नाहीत. आमची फारकत झालीय, वेगळं होऊन चार वर्षं झाली. कोणी येणार-जाणार नाही. आम्ही दोघीच राहणार. तुम्हाला चालत नसेल तर आत्ताच सांगा, आम्हाला बस आहे.”

संस्कृती तांब्या तोंडाला लावून तशीच थांबली. सुपाचा आवाजही थांबला.

“मंग काहून बोललीस खोटं?”

“बिडकीनला खरं बोलले होते.”

म्हातारीला हसू आलं. दातच नव्हते, त्यामुळं ते ओठांतल्या ओठांत राहिलं. “तिथली लोकं लई शहाणी झाली बाई, कंपन्या आल्यापासून.” मग तिनं सूप पुन्हा हलवलं, दोन खडे काढून टाकले. “माझा ल्योक सुदर्शन, त्यो खरंच पुण्याला असतो. कंपनीतच. दिवाळीला येतो, तेबी आला तर. म्हून मी तव्हाच म्हणलं, महिन्याला येणारा कोण हाय हा एवढा मायाळू.”

मोनिकानं संस्कृतीच्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला.

“लोकं बोलतीन,” भागूबाई म्हणाली.

“बोलू द्या.”

“आन् बोलून बोलून कव्हा बोलतीन? बाजाराच्याच दिवशी. बाकीचे सहा दिस इथं बोलायला हाय कोण?”

हे तिनं गमतीनं म्हटलं होतं. पण म्हणून झाल्यावर तिनं मैदानाकडं पाहिलं, आणि मोनिकानंही पाहिलं. शेळ्या आता पालाच्या बांबूंच्या बारीक सावलीत बसल्या होत्या. त्यांच्याशिवाय नजर अडेल असं काही नव्हतं. मोनिकाच्या मनात आलं, या लिंबाखाली आपणही अशाच बसू, तांदूळ पाखडत, आणि संस्कृती कुठंतरी दूरच्या कंपनीत असेल. तिनं तो विचार तिथंच सोडला. काम होतं.

बस यायच्या आत त्या पुन्हा शाळेत गेल्या. मोनिकानं कारकुनाला सगळं सांगितलं, कोर्टाचे कागद आणून देईन म्हणाली. त्यानं पत्रकावरची एक ओळ खोडली. “आधीच सांगायचं ना ताई. आईची सही चालते आता.” तिनं सही केली. संस्कृती शेजारी उभी राहून पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत होती. तिची नजर खाली होती.

बसमध्ये संस्कृती खिडकीच्या गजावरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, “तूच पहिल्यांदा म्हणाली होतीस.”

“हो. मीच म्हणाले होते.”

एवढंच. पुढं पोर खिडकीला डोकं टेकून झोपली.

पाचोड ठरलं. मॅचिंग सेंटरच्या मालकांनी आठवड्याला एक गठ्ठा एसटीनं पाठवायचं कबूल केलं. बाजाराच्या दिवशी कडुबाशेठकडं बसायचं, उरलेले दिवस त्या गठ्ठ्यावर काढायचे. एवढ्यावर महिन्याचा हिशेब बसेल का, हे तिला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंही नाही. जालन्याहून फोन आला तो गाव ठरल्यावर. भाऊ म्हणाला, “पाचोड? तिथं आपलं कोण हाय?” ती म्हणाली, “कोणी नाही.” मग त्यानं जेवलीस का म्हणून विचारलं.

जूनच्या सुरुवातीला छोटा टेम्पो गल्लीत आला. एक पलंग, एक कपाट, मशीन, दोन ड्रम, गाठोडी. नऊ वर्षांचं सामान टेम्पोच्या निम्म्यातच मावलं. मशीनला मोनिकानं जुन्या साड्या गुंडाळल्या आणि साड्यांच्या मधोमध बाबासाहेबांची तसबीर ठेवली. भिंतीवर तिच्या जागी एक स्वच्छ चौकोन राहिला.

द्वारकाबाईंनी आपल्या ड्रममधलं पाणी गाळून दोन बाटल्या भरून आणल्या. पाणी येऊन सातवा दिवस होता, त्यांच्या ड्रमचा तळ दिसत होता.

“कशाला काकू, वाटेत मिळतं.”

“असू दे गं. तिथं रोज येतं म्हणे तुझ्या नळाला.”

“एक दिवसाआड.”

“मग काय बाई, राणी झालीस.” त्यांनी संस्कृतीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कारण नसताना तिच्या वेणीची रिबीन सोडून पुन्हा बांधली.

मोनिकानं रिकामी खोली एकदा पाहिली, दार ओढून घेतलं, अप्पारावांसाठी चावी द्वारकाबाईंच्या हातात दिली. मग ती पुढं ड्रायव्हरच्या शेजारी बसली, लेक मांडीवर. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. द्वारकाबाई चावी मुठीत धरून ओट्यावर उभ्या राहिल्या. त्या काहीतरी म्हणाल्या, पण इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही.

टेम्पो वळणाशी पोचला तेव्हा मोनिकानं ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. तिनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हाक मारली.

“काकू, तोटी उघडीच राहिली बघा माझी! पाणी आलं तर तेवढी बंद करा.”