निशाणावरची शेपटी

"तुमच्या दुकानाच्या पाटीवर तर बटाट्यांनाही शेपटी लावलीय, मिसेस ऑर्मरॉड. ते बटाटे कशाचे मालक आहेत म्हणे?"

"बटाट्यांचं राहू दे. इथे ती एसच्या आधी हवी. शोभून दिसते."

"आधी लावली तर सभा एकाच आईची होते. तुमच्या एकटीची."

"आणि नंतर लावली तर?"

"सगळ्या आयांची."

"मग त्यांतली तू कोण गं?"

मी चॅपलच्या स्वयंपाकघरात कपबश्या विसळत होते. पलीकडे झिला मावशी आणि वाण्याची बायको मिसेस ऑर्मरॉड आमच्या मातांच्या सभेचं नवं रेशमी निशाण पसरून बसल्या होत्या. त्यावरच्या इंग्रजी 'मदर्स' शब्दाला मालकी दाखवणारी शेपटी, म्हणजे अ‍ॅपॉस्ट्रॉफी, कुठे टाचायची यावरून वाद चालला होता. शेवटचा प्रश्न ऐकला आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला. झिला मावशीची एकुलती एक लेक नाव ठेवायच्या आधीच गेली होती. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, मिसेस ऑर्मरॉडना तर सगळ्यांत आधी.

नुसतीच सुई चालल्याचा आवाज येत राहिला.

मी गिरणीत लागले तेव्हा माझी शाळा अर्धीच झाली होती, त्यामुळे या शेपटीचं शास्त्र मला मावशीनंच शिकवलं. ती म्हणायची, "नुसत्या पुष्कळ आया म्हणायचं असेल तर शेपटी लागतच नाही. काही कुणाच्या मालकीचं असलं तरच लावायची. एकीचं असेल तर एसच्या आधी, अनेकींचं असेल तर एसच्या नंतर." मला एवढंच कळलं आणि जन्मभर पुरलं. निशाणावर पिवळ्या रेशमाची ती शेपटी एसच्या नंतरच बसली. पोरं तिला बेडकाचं पिल्लू म्हणायची.

शेपटी मावशीच्या मनासारखी लागली, पण फीत काही तिच्या हाती आली नाही. व्हिटसनच्या, म्हणजे ईस्टरनंतरच्या सणाच्या, मिरवणुकीत निशाणाच्या काठ्या पुरुष धरतात, वरून सोडलेल्या फिती आया धरतात. कोणी कुठली फीत धरायची ते मिसेस ऑर्मरॉड सांगायच्या. झिला मावशी नवी टोपी घालून सगळ्यांच्या मागून चालायची. कमरेला सुयांची पिशवी असायची. कोणी विचारलंच तर म्हणायची, "वाऱ्यानं काही उसवलं तर?"

आणि दर वर्षी उसवायचंच! बाकीची अक्षरं जागच्या जागी, तेवढी शेपटी गायब. सणाच्या आदल्या आठवड्यात निशाण उलगडलं की बायका ओरडायच्या, "गेलं बेडूक! झिलाला बोलवा!" मग ती यायची, तिच्यासाठी चहा व्हायचा, सगळ्या भोवती उभ्या राहून बघायच्या, आणि ती नवी शेपटी टाचायची.

मला मिसेस ऑर्मरॉडचा संशय होता. दोरा वाऱ्यानं तुटला तर टोकं पिंजारतात, ही तर कातरीनं कापलेली दिसायची. मनातल्या मनात मी त्या बाईला बरंच काही म्हणून घेतलं.

मग एका वर्षी मिरवणूक संपल्यावर मी निशाणाची घडी घालायला थांबले. मावशी पाठमोरी होती. पिशवीतून छोटी कातर निघाली. कच्च. शेपटी तिनं अ‍ॅप्रनच्या खिशात ठेवली, रेशमावरून अंगठा फिरवला आणि घडी घालायला लागली.

मी दारातच थबकले. शेपटी पक्की बसली तर झिलाला बोलवायचं कारणच उरत नव्हतं.

पुढे मलाच चार पोरं झाली, फीत माझ्या हाती आली. एकदा मी ती मावशीपुढे धरली. तिनं हात मागे घेतला. "नको गं अ‍ॅनिस. कुणी विचारलं तर?" विचारणाऱ्या मिसेस ऑर्मरॉड तोवर चॅपलमागच्या मातीत गेल्या होत्या. पण प्रश्न काही त्यांच्याबरोबर पुरला गेला नव्हता.

सभेचा कारभार त्यांच्या सुनेकडे आला. तिनं पहिल्याच सभेत काढलं, "दर वर्षी काय हे? लोक हसतात. एकदाची मशीनवर मारून टाकू ना!"

झिला मावशीनं कप खाली ठेवला आणि सुयांची पिशवी मांडीवर ओढली.

"रेशीम फाटेल," मी म्हणाले. मला रेशमातलं शष्प कळत नाही, मी जन्मभर सूत विणलं. पण चार पोरांची आई ठासून बोलली की लोक मान डोलावतात. विषय तिथंच मिटला.

झिला मावशीचा शेवटचा व्हिटसन होता तेव्हा ती पायऱ्या चढताना दोनदा थांबली. पुढच्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं ती गेली. पण त्या दिवशी तिनं शेपटी लावली, साऱ्या रस्त्याभर मागून चालली, आणि संध्याकाळी घडी घालायला थांबली. मी काठीचे गोंडे सोडवायला म्हणून दुसरीकडे वळले. मागे कच्च झालं.

"अ‍ॅनिस," ती म्हणाली, "पुढल्या वर्षी मला निरोप धाडायला विसरू नकोस हं. ही उसवणार बघ."

"दर वर्षीच उसवते, मावशी," मी म्हणाले.

तिनं खिशावर हात ठेवला, टोपी नीट केली आणि घराकडे चालू लागली.